काय ठेवू, काय काढू?

(मंडळाच्या दिवाळी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणक’ हा शब्द वाचून काहीजण बटाटेवड्यांच्या टेबलाकडे सरकलेले दिसताहेत. सरका, पण कान इकडे असू द्या. गोष्टीत माझे आईवडील आहेत, आणि माझी एक चूक आहे.

साल २००६. साताऱ्याला अण्णांकडे १२८ एमबी मेमरीचा जुना संगणक होता, त्यावर विंडोज एक्सपी. अण्णा निवृत्त शिक्षक, त्यामुळे मी त्यांना दर रविवारी मराठीतून ई-मेल लिहायचो. युनिकोड तेव्हा नुकतं अंगवळणी पडत होतं. मी सुट्टीवर गेलो की तो संगणक हमखास आजारी! दहा दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस फॉरमॅट करण्यात जायचे. आई म्हणायची, “तू आम्हाला भेटायला येतोस की त्या डबड्याला?”

एक्सपी घालायला तास-दीड तास पुरे. खरी कटकट पुढे. सर्व्हिस पॅक २ जवळजवळ २६६ एमबीचा होता. डायलअपवर उतरवायला दहा-बारा तास, तेही मध्येच फोन आला नाही तर. आणि तो न घालता इंटरनेट जोडायचं म्हणजे दार उघडं टाकून झोपायचं. ऑगस्ट २००३ मधला ‘ब्लास्टर’ आठवतो का? नुसतं नेटला जोडलं की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि संगणक बंद!

म्हणून ठरवलं, अण्णांसाठी खास सीडीच तयार करायची. सिम लिम स्क्वेअरमधून कोऱ्या सीडींचा डबा आणला आणि ‘एनलाइट’ नावाचा मोफत प्रोग्राम उतरवून घेतला. तो क्रोएशियाच्या दिनो नुहागिच यांनी लिहिला होता. पद्धत सोपी. मूळ सीडीतल्या फायली हार्ड डिस्कवर घ्यायच्या, त्यांच्यात सर्व्हिस पॅक मिसळायचा. पोळीला वरून तूप लावणं वेगळं आणि कणीक भिजवतानाच मोहन घालणं वेगळं, तसंच हे. मग साउंड कार्ड, मोडेम यांचे ड्रायव्हर घालायचे. सेटअप मध्ये मध्ये जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं एका फायलीत आधीच लिहून ठेवायची. शेवटी नको असलेले भाग काढून, संगणक जिच्यावरून सुरू होईल अशी सीडी जाळायची. परवाना अर्थात अण्णांचाच. अशी सीडी दहाजणांना वाटायला परवानगी नसते, हे आजही लक्षात ठेवा.

‘नको असलेले भाग’ इथे मला चेव चढला. पिनबॉलचा खेळ? काढा. मूव्ही मेकर? काढा. शेकडो प्रिंटरांचे ड्रायव्हर? अण्णांकडे प्रिंटरच नाही, काढा. मग भाषांचा विभाग आला. अरबी, थाई, जपानी, कोरियन... साताऱ्यात कोण वाचणार? अख्ख्या विभागावर खूण केली. मूळ सीडी जवळजवळ भरलेली होती, माझी निम्म्यावर आली. ऑफिसातल्या मित्रांना अभिमानाने दाखवली आणि साताऱ्याला धाडली. गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाने ती घातली. संगणक पळायला लागला. अण्णा खूश, मी खूश.

पुढचे दोन महिने अण्णांची उत्तरं येत राहिली. “पत्र मिळाले. बरे वाटले. प्रकृतीस जप.” रोमन अक्षरांत, तीन ओळी. मी मुलीच्या शाळेबद्दल विचारलं होतं, घराच्या कर्जाबद्दल सल्ला मागितला होता, त्यावर अक्षर नाही. मला जरा रागच आला. शेवटी फोनवर विचारलं, “अण्णा, तुम्ही माझी पत्रं वाचता ना?” पलीकडे शांतता. मग आईने फोन घेतला. म्हणाली, “अरे, तुझ्या पत्रात नुसते चौकोन दिसतात. हे म्हणाले, त्याने एवढ्या लांबून मेहनत करून सीडी पाठवली, त्याला सांगू नकोस.”

मंडळी, त्या भाषांच्या विभागात देवनागरीही होती. ‘मंगल’ फॉन्ट आणि जोडाक्षरं नीट दाखवणारी व्यवस्था, दोन्ही मीच काढून टाकली होती. एक्सपीत ती नंतरही जोडता यायची, पण संगणक त्यासाठी सीडी मागायचा आणि माझ्या सीडीत ती नव्हतीच. प्रोग्रामचा काही दोष नाही, खूण मी केली होती. दोन महिने माझे वडील चौकोनांसमोर बसून “बरे वाटले” लिहीत होते.

दुसरी सीडी त्याच आठवड्यात कुरिअरने गेली. एक चूक तिच्यातही राहिली. उत्तरांच्या फायलीत मी वेळ सिंगापूरची लिहिली होती, त्यामुळे अण्णांचं घड्याळ अडीच तास पुढे. ती बदला म्हटलं तर अण्णा म्हणाले, “राहू दे. तुमच्याकडे किती वाजले ते बघून फोन करता येतो.”

पुढे २००७ मध्ये सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियन लिनक्सवर आधारित ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, प्रसिद्ध केली. केरळच्या शाळांनीही मुलांसाठी आपली लिनक्स तयार करून घेतली. लिनक्सचा परवाना मोकळा, त्यामुळे ती बदलून वाटताही येते. मला त्यांचं एक आवडलं. वापरणाऱ्याला काय लागेल, ते त्यांनी आधी पाहिलं: आपल्या भाषा, अभ्यासाचे प्रोग्राम. मी मात्र काय काढता येईल, तिथून सुरुवात केली होती.

आज हे का सांगतो? एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये थांबली, पण विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांकडे विंडोज ११ न चालणारे लॅपटॉप असतील. या सुट्टीत तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन जाल. नुहागिच यांचाच ‘एनटीलाइट’ आता आहे, हलक्या लिनक्सही आहेत. जरूर करा. फक्त मूळ प्रत जपून ठेवा. तयार केलेली प्रत आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघा, आणि चालवताना एक मराठी पत्र उघडा. त्याहीआधी अर्धा तास त्यांच्या शेजारी बसा. ते रोज काय उघडतात, काय वाचतात, कुठे अडतात, ते बघा.

अण्णा आता नाहीत. पण त्या दुसऱ्या सीडीनंतर आलेलं त्यांचं पहिलं पत्र मी छापून ठेवलंय. पाच पानी आहे. दोन महिन्यांचे सगळे प्रश्न मला फोनवर वाचून दाखवायला लावले, आणि प्रत्येकाला क्रमांक घालून उत्तर दिलं. शिक्षकच ते!

दिवाळीच्या शुभेच्छा. वडे संपले नसतील अशी आशा करतो.