ऑपरेशननंतरची पहिली रात्र

स्तनातली गाठ काढायची ठरली की आमच्या भागातली बाई आधी विचारते, "डॉक्टर, लई दुखल का?" बरं होईल का, हे ती नंतर विचारते. या धास्तीपायी गाठ पदराआड ठेवून महिने काढणाऱ्या बाया आम्हा भूलतज्ज्ञांपुढे येतात. म्हणून आज दुखण्याबद्दलच बोलते.

पूर्ण भूल दिली की ऑपरेशन चालू असताना काही कळत नाही. त्रास सुरू होतो तो भूल उतरल्यावर. स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या असतील तर पहिली रात्र फार जड जाते. खोल श्वास घेववत नाही, हात उचलवत नाही. मॉर्फिनच्या जातीची इंजेक्शनं दिली तर दुखणं थांबतं, पण मळमळ, उलट्या, गुंगी मागे लागते. सुरुवातीचं दुखणं आवरलं नाही, तर काही जणींच्या छातीत-काखेत ते पुढे महिनोन्‌महिने ठाण मांडतं.

यावर आता छातीच्या नसांचा ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन, देता येतो. पाठीच्या कण्याजवळ नसा बधिर करण्याची रीत १९०५ पासूनची, पण तेव्हा सुई अंदाजानेच जायची. डॉ. राफाएल ब्लांको यांनी २०११ आणि २०१२ मध्ये ‘पेक्स ब्लॉक’ मांडला, तो सोनोग्राफीत बघत छातीवरूनच देतात. प्रोब गळ्याच्या हाडाखाली टेकवला की पडद्यावर घडीच्या पोळीसारखे पदर दिसतात. वर कातडी नि चरबी, मग छातीचा मोठा स्नायू, त्याखाली छोटा. दोघांच्या मध्ये एक बारीक धमनी उडत असते. प्रोब काखेकडे सरकवला की तिसरी-चौथी बरगडी येते आणि तिच्या खाली फुप्फुसाच्या आवरणाची पांढरी रेघ, श्वासाबरोबर सरकणारी. सुई त्या रेघेपर्यंत जाता कामा नये, सगळं कौशल्य तिथे आहे. दोन स्नायूंमध्ये साधारण १० मिली आणि छोट्या स्नायूखाली २० मिली बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडलं की पदर सुटतात आणि मध्ये काळी फट रुंदावत जाते. ती दिसली, म्हणजे औषध जागेवर पडलं.

याचा परिणाम बरेच तास टिकतो, पहिली रात्र बहुधा निभावते. छातीच्या मधल्या हाडालगतचा भाग मात्र पुरता बधिर होत नाही, म्हणून पॅरासिटामॉलसारखं औषध सोबत लागतंच. फुप्फुसाला सुई लागणं, औषध रक्तात जाऊन हृदयावर परिणाम होणं, हे धोके क्वचित, पण खरे आहेत.

ब्लॉकमुळे कर्करोग परत येत नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या, दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात कण्याजवळच्या ब्लॉकने तसा फरक पडला नव्हता. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी केलं ते वेगळं. गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवतीच लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं. भारतातल्या ११ केंद्रांवरच्या सुमारे १,६०० स्त्रियांच्या या चाचणीत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. इतकं स्वस्त औषध आणि इतका फायदा! प्रत्येक सर्जनने याचा विचार करावा.

छातीच्या ब्लॉकला सोनोग्राफीचं यंत्र लागतं, आणि मराठवाड्यात सोनोग्राफी म्हटलं की आधी आठवतात त्या गर्भातच मारलेल्या मुली. ते रोखण्यासाठी केलेल्या १९९४ च्या कायद्याखाली यंत्राची नोंदणी लागते, नसा बघायचं असलं तरी. ते उचलून दुसऱ्या दवाखान्यातही नेता येत नाही. कायदा कडकच हवा. पण मग भूलतज्ज्ञांसाठी वेगळं यंत्र शासनानेच प्रत्येक मोठ्या सरकारी ऑपरेशन थिएटरात ठेवायला हवं.

बायांनो, ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा विचारा, "मला छातीचा ब्लॉक देता येईल का?" रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, एखादं औषध सोसत नसेल, तर तेही सांगा. आणि हाताला गाठ लागली तर दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. पडेगाव-मिटमिट्याकडून गुरुवारी छावणीच्या बाजाराला याल, तेव्हा छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आधी दाखवून या.