गुण्यात बसलेला तुकडा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख करून देताना 'यशस्वी उद्योजक' म्हटलं गेलं. तेवढं काही नाही. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, 16 माणसं काम करतात. पण त्याची पायाभरणी आपल्या शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

आठवीत आमच्या तुकडीला टेक्निकल विषय मिळाले. त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो होतो. शेजारचे काका म्हणाले, "लोहारकामच शिकायचं तर हायस्कूलात कशाला जायचं?" मलाही तसंच वाटलं. बाकीच्या तुकड्या संस्कृतची सुभाषितं पाठ करत, तेव्हा आम्ही खाकी एप्रन बांधून व्हाइससमोर उभे.

आमच्या कार्यशाळेच्या सरांनी पहिल्या दिवशी लोखंडाचा एक तुकडा हातात दिला आणि म्हणाले, "याच्या दोन बाजू काटकोनात आण." तीन आठवडे कानस मारत होतो. सरांकडे नेला की ते गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरत. मधल्या फटीतून उजेड दिसला की एकच शब्द, "घास." रागावणं नाही, मार्क कापणं नाही. ज्या दिवशी उजेड दिसला नाही, त्या दिवशी त्यांनी तुकडा माझ्या हातात ठेवला आणि पाठीवर थाप मारली. आजही माझ्याकडे नवा मुलगा कामाला आला, की मी त्याला हेच करायला लावतो.

त्या शेडमध्ये माझ्यापेक्षा सरस हात एकाचा होता. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याच्या ड्रॉइंगच्या शीटवर खोडरबराचा डाग शोधून सापडत नसे. दहावीला त्याला माझ्यापेक्षा 4 टक्के जास्त होते. डिप्लोमाला आम्ही दोघंही जाणार, हे ठरलेलंच होतं.

मी गेलो. तो गेला नाही.

कारण अगदी साधं होतं. फी-सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागायचा. माझे मामा कारकून होते, त्यांनी माझा दाखला मे महिन्यातच काढून ठेवला. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल. दाखला लागतो हे त्यांना कळलं तेव्हा मुदतीचे 2 दिवस उरले होते. दाखला आला नाही, आणि पूर्ण फी भरण्याची ऐपत नव्हती.

मला मेपासून माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही. इतकी वर्षं मी 'विसरलो' म्हणत आलो. खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो. जागा थोड्या होत्या आणि त्याचे मार्क जास्त होते. हे सांगण्याआधी काल रात्री मी त्याची परवानगी घेतली. तो टेम्पो चालवतो. म्हणाला, "सांग की. पण आधी माझ्या पोरीच्या फॉर्मचं बघ."

मित्रहो, आपल्या शाळेनं आपल्याला हात दिला, अभ्यास दिला. सकाळी साडेसहाला स्कॉलरशिपचे जादा तास घेणारे गुरुजी दिले, तेही एक पैसा न घेता. कमी पडलं ते पुढच्या वाटेचं ज्ञान. त्याचा दोष शिक्षकांना देता येणार नाही. एकेका वर्गात साठ-साठ मुलं होती.

आज वाटा आपल्या वेळेपेक्षा जास्त आहेत. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, मात्र पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांचे दहावीत वाढीव गुण मिळतात. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हे कितीतरी घरांत पोचतच नाही. आणि पोचलं तरी उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर यांपैकी एखादा कागद अडतोच.

म्हणून माझी एक विनंती आहे. मेळाव्याच्या शिल्लक रकमेतून कमान बांधायचा विचार चाललाय. कमान नंतर बांधू. त्याऐवजी दर वर्षी जानेवारीपासून जूनपर्यंत प्रत्येक शनिवारी आपल्यापैकी दोघांनी शाळेत एक टेबल मांडून बसायचं. दहावीच्या प्रत्येक मुलाची कागदांची यादी करायची आणि कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा करायचा. आपल्यात तलाठी आहेत, वकील आहेत, बँकेतल्या ताई आहेत, सायबर कॅफेवाले आहेत. आणखी काय हवं?

पहिल्या शनिवारी मी येतोय. माझ्याबरोबर तिसऱ्या रांगेतला माझा मित्रही बसणार आहे. पहिला फॉर्म त्याच्या मुलीचा.

सर, आमच्यात अजून फट आहे, उजेड दिसतोय. पण कानस खाली ठेवलेली नाही.