मोजे नसलेला प्रतिनिधी



आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. तेव्हा आज हकिगत सांगणार आहोत तीही एका अल्पशिक्षित माणसाचीच.

जेरी सिंप्सन १८४२ साली कॅनडात जन्मला आणि अमेरिकेत वाढला. चौदाव्या वर्षी तो खलाशी झाला; वीसएक वर्षे त्याने तेथील महासरोवरांवर काढली. पुढे कॅन्सस राज्यात त्याने शेती केली, गुरे पाळली. कडाक्याच्या हिवाळ्यात गुरे मेली, तेव्हा पोटासाठी मेडिसिन लॉज गावात फौजदारी पत्करली.

त्या वेळी तेथला शेतकरी तिहेरी कात्रीत सापडला होता. जमीन गहाण, मालाचे भाडे रेल्वे कंपनीच्या मर्जीवर आणि धान्याला भाव नाही. मका इतका स्वस्त झाला की काहींनी तो कोळशाऐवजी चुलीत घातला! शेवटी शेतकऱ्यांनी संघ बांधले आणि १८९० साली सिंप्सनला प्रतिनिधिगृहासाठी उभे केले.

समोर होते कर्नल हॅलोवेल. त्यांच्या रेशमी मोज्यांवर सिंप्सनने भर सभेत टोला हाणला. विरोधकांनी तो उलटवला: या गड्याच्या पायात मोजेच नाहीत! सिंप्सनने ते हिणवणे निशाणासारखे मिरवले आणि तो निवडून आला. कॅन्ससच्या सात जागांपैकी पाच त्या वर्षी शेतकऱ्यांच्या पक्षाने घेतल्या.

१८९२ साली ओमाहा येथे या पक्षाने जाहीरनामा काढला. श्रीमंतांवर चढता प्राप्तिकर बसवा, सिनेटर थेट लोकांनी निवडावेत, अशा त्यात मागण्या होत्या. कामगारांचे तास कमी करण्याच्या लढ्यालाही तेथे ठरावाने पाठिंबा मिळाला. शहाणी मंडळी हसली. सिंप्सन १८९४ साली पडला, १८९६ साली पुन्हा आला, १८९८ साली परत पडला. प्राप्तिकराचा कायदा झाला, तो १८९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडला. १९०५ साली सिंप्सन वारला, तेव्हा पक्षाचाही जोर ओसरला होता.

मग हाती काय लागले? १९१३ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत दोन दुरुस्त्या झाल्या: एक प्राप्तिकराची, दुसरी सिनेटरांच्या थेट निवडणुकीची. हे एकट्या सिंप्सनचे कर्तृत्व नव्हे. त्यासाठी पुष्कळांनी खस्ता खाल्ल्या. पण माणूस पडला, पक्ष विरला, तरी मागणी उरली. ती कागदावर होती आणि हजारोंच्या तोंडी होती, म्हणून उरली.

बंधूंनो, फाटक्या सदऱ्याचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, तर त्याच्या सदऱ्याकडे पाहू नका. तो मागतो काय, तेवढे नीट ऐका.