पेशंटला भेटायला जाताना

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा. आम्ही मालेगाव तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या बाया. आज आम्ही योजना सांगायला आलो नाही, पाककृतीही सांगायला आलो नाही. आपण सगळ्या जे करतो, अगदी मनापासून करतो, पण कधी कधी चुकतं, त्याबद्दल बोलणार आहोत. ते म्हणजे दवाखान्यात पेशंटला पाहायला जाणं.

आधी आमचीच चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, ऐन सोयाबीन सोंगणीत, आमच्या गटातल्या एका काकूचं अकोल्याच्या एका दवाखान्यात पिशवीचं ऑपरेशन झालं. निरोप आला तसा गावात विषय सुरू झाला, कधी जायचं? न जाऊन चालणारच नव्हतं. आपल्याकडे कोण आलं आणि कोण नाही आलं, हे दहा वर्षं लक्षात राहतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघतं. म्हणून आम्ही गटातल्या अकरा जणी, शेजारच्या तिघी, अशा चौदा बाया एक गाडी ठरवून निघालो. दोघींच्या कडेवर लेकरं होती. त्यातलं एक शिंकत होतं.

वॉर्डात शिरलो. काकूच्या खाटेभोवती गराडा घातला. तिघी खाटेवरच बसल्या. एक जण सलाईनच्या नळीला धक्का लागता लागता वाचली. मग बोलणं सुरू झालं. "लयच वाळली वो तू." "माह्या चुलत जावेचंही हेच ऑपरेशन झालं होतं. टाकेच पिकले तिचे. दोन महिने उठली नाही बिचारी." "कायले केलं वो ऑपरेशन? गावठी औषध होतं ना." आम्ही बिस्किटांचे पुडे, केळी, नारळ उशाशी मांडले. काकूला तर त्या दिवशी तोंडानं पाणीसुद्धा बंद होतं. कोणी विचारलंच नाही.

शेवटी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हा दवाखाना आहे, लग्नाचा मांडव नाही." आम्हाला राग आला. गाडीत परत येताना रस्ताभर त्या सिस्टरला नावं ठेवली.

काकू घरी आली, बरी झाली, आणि महिन्यानंतर गटाच्या बैठकीत बसली. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या आल्या, मले लय बरं वाटलं. पण तुम्ही गेल्यावर मी चादर तोंडावर घेऊन रडली."

का, तर टाके पिकायची भीती आम्हीच तिच्या मनात घातली होती. दुसरं असं, की लघवीची पिशवी खाटेखाली लटकत होती आणि चौदा जणी पाहत होत्या. तिला लाज वाटत होती, पण जा कसं म्हणणार? तिसरं ऐकून आम्ही माना खाली घातल्या. तिच्याजवळ राहायला तिची बारावीतली पोरगी होती. सहा दिवस ती पोर वॉर्डाबाहेरच्या फरशीवर झोपली. दोन दिवस तिला अंघोळीला जाता आलं नव्हतं, कारण आईजवळ बसायला दुसरं कोणी नव्हतं. इकडे घरी धाकटा पोरगा शाळेत गेला नाही. म्हशीचं दूध शेजारच्या पोरानं कसंबसं काढलं. नवरा बिचारा चहा-टोस्टवर राहिला. आम्ही चौदा जणी पाऊण तास तिथं होतो. "पोरी, तू अंघोळ करून ये, मी बसते" असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. गावात असताना घराची किल्लीही कोणी मागितली नाही.

मग आम्ही हिशोब मांडला. गटात बसून हिशोब करायची सवय लागली आहेच. गाडीचे २,५०० रुपये. चौदा जणींची एका दिवसाची मजुरी, ३०० रुपयांप्रमाणे ४,२००. फळं-बिस्किटं ७०० च्या आसपास. झाले ७,४०० रुपये. आणि त्याच आठवड्यात काकूच्या नवऱ्यानं औषधांसाठी सावकाराकडून ५,००० उचलले होते. हे ऐकून बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

तेव्हापासून आम्ही या विषयावर विचार करू लागलो. आशाताईंना विचारलं, एका सिस्टरबाईंना बैठकीला बोलावलं. त्यांनी जे सांगितलं आणि आम्ही जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो.

पहिलं, गर्दी. दवाखान्यात भेटायची वेळ ठरलेली असते, ती आपल्याला त्रास द्यायला नसते. सकाळी डॉक्टरांची फेरी असते, ड्रेसिंग असतं, दुपारी पेशंटला झोप हवी असते. एका वेळी दोघी पुरे. दहा-पंधरा मिनिटं पुरे. खाटेवर बसायचं नाही. लहान लेकरू न्यायचं नाही. त्याच्यापासून पेशंटला धोका, आणि वॉर्डातल्या आजारांपासून त्याला धोका. आपल्याला सर्दी, खोकला, ताप, जुलाब असेल तर जायचंच नाही, फोन करायचा. आत जाताना आणि बाहेर आल्यावर साबणानं हात धुवायचे. आपण नळाला, खाटेच्या दांडीला, मोबाईलला हात लावतो आणि त्याच हातानं पेशंटच्या तोंडावरून हात फिरवतो. ऑपरेशनच्या जखमेला त्यातूनच जंतू लागू शकतात. टाके पिकतात ते नशिबानं नाही, बरेचदा अशा हातांनी.

दुसरं, खायचं. काहीही नेण्याआधी सिस्टरला विचारायचं. पोटाचं ऑपरेशन झालेल्याला काही काळ तोंडानं काहीच देत नाहीत. शुगरवाल्याला आपण पेढे नेतो. आणि एक गोष्ट आम्हाला अजिबात माहीत नव्हती. ज्याच्या किडन्या काम करत नाहीत, डायलिसिस चालू आहे, अशा माणसाला नारळपाणी, केळी, मोसंबी धोक्याची ठरू शकतात. त्यात पोटॅशियम नावाचा क्षार भरपूर असतो. चांगली किडनी तो बाहेर टाकते, बिघडलेली टाकू शकत नाही. तो रक्तात वाढला तर हृदयाचे ठोके बिघडतात. आपण तर नारळाला सगळ्यात चांगलं समजतो!

बाळंतिणीला भेटायला जातो तेव्हाही तसंच. नव्या बाळाला मध चाटवायचा नाही, गुटी द्यायची नाही, पाण्याचा थेंबही नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. बाळाचे मुके घ्यायचे नाहीत. आजी-मावशी रागावल्या तरी चालेल.

तिसरं, बोलणं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईचं नाव नर्सच्या कामाबद्दल जगभर घेतलं जातं. तिनं १८५९ साली रुग्णसेवेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक अख्खं प्रकरण आपल्यासारख्या भेटायला येणाऱ्यांवर आहे. पोकळ दिलासा देणारे आणि फुकटचा सल्ला देणारे पेशंटला किती थकवतात, हे तिनं लिहिलं आहे. पेशंटला मान वळवावी लागणार नाही असं त्याच्या नजरेसमोर बसावं, आणि खोलीत कुजबुज करू नये, असंही तिनं सांगितलं आहे. कारण पेशंटला वाटतं, माझ्याबद्दलच बोलतात, काहीतरी लपवतात. दीडशेच्या वर वर्षं झाली. ती बाई तिकडे इंग्लंडात होती, पण आमच्या त्या गाडीतल्या चौदा जणींना जणू पाहूनच लिहिलं होतं.

मग बोलायचं काय? गावातलं साधं. म्हैस बरी आहे. पोरगं शाळेत गेलं. तुझ्या वावरातली सोंगणी झाली, आम्ही पाहून आलो. बाईचा अर्धा जीव घरी अडकलेला असतो. तो मोकळा झाला की तिला झोप लागते. आणि तिला बोलायचं असेल तर ऐकायचं. तिला रडायचं असेल तर रडू द्यायचं. "रडू नको" म्हणायची घाई करायची नाही.

आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा तुम्हाला माहीत आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्याबद्दल एक आठवण सांगितली जाते. बाबा मुंबईला दवाखान्यात होते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कायदामंत्री. त्यांना कळलं तसे ते भेटायला गेले, आणि जाताना दोन घोंगड्या घेऊन गेले. बाबा कोणाकडून काही घेत नसत, पण त्या घोंगड्या त्यांनी ठेवून घेतल्या. एवढा मोठा माणूस, पण हार-तुरे नेले नाहीत. आजारी माणसाला लागणारी वस्तू नेली. आणि गाडगेबाबांना हे पक्कं माहीत होतं की पेशंटबरोबर आलेल्या माणसाचे हालही तितकेच असतात. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही आहे. टाटा हॉस्पिटलला कॅन्सरच्या इलाजासाठी आलेले गरीब पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथं राहतात. आपल्या भागातून कोणाला तिकडे जावं लागलं तर हे ध्यानात ठेवा.

आता आम्ही सगळ्यात महत्त्वाचं जे शिकलो ते. दवाखान्यात कधी नीट पाहा. पुरुषांच्या वॉर्डात पेशंटच्या उशाशी बाई बसलेली असते. बायको, आई, बहीण. बायांच्या वॉर्डातही उशाशी बाईच असते. माणूस आजारी पडला तर त्याची बायको घरदार सोडून त्याच्याजवळ जाते. बाई आजारी पडली तर तिच्याजवळ पोरगी जाते, आणि त्या पोरीची शाळा बुडते. बायांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत, हे खरं आहे. पण घरी भाकर थापायला, म्हशीला चारा टाकायला, पोराला शाळेत पाठवायला कोणी मनाई केली आहे? आमच्या गटातल्या दोघींच्या नवऱ्यांनी हे ऐकलं आणि गेल्या आजारपणात खिचडी शिजवली. करपली, पण शिजवली.

म्हणून आम्ही गटात ठराव घेतला आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहिला. उमेदच्या दशसूत्रीत आरोग्य आहेच, हे आमचं त्यातलंच काम. ठराव असा. गटातली कोणी दवाखान्यात भरती झाली तर पहिल्या दिवशी एकच जण तिच्याबरोबर जाईल. जाताना रेशनकार्ड, आधार कार्ड, जुने रिपोर्ट पिशवीत आहेत का ते तीच पाहील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना जाऊन भेटेल. घरची किल्ली शेजारणीकडे राहील. डबा कोणाच्या घरून जाईल, म्हैस कोण पिळेल, याची पाळी लागेल. रात्री थांबायला दिवसाआड एक जण जाईल, म्हणजे पोरीला घरी येऊन झोपता येईल. गाडीचे पैसे वाचतील ते पाकिटात घालून त्या बाईच्याच हातात द्यायचे. बाकीच्या सगळ्या ती घरी आल्यावर, आठ-दहा दिवसांनी, भेटायला जातील.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका सुनेचं सिझेरियन झालं, तेव्हा हा ठराव पहिल्यांदा वापरला. सोबतीचं आधीच ठरलं होतं. सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी बाईजवळ तिची एक सोबतीण राहू शकते. केंद्र सरकारनं २०१६ पासून ही मोकळीक दिलेली आहे. सोबतीण शक्यतो बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला कुठला संसर्गाचा आजार नसावा, आणि तिनं डॉक्टर-सिस्टरच्या कामात मध्ये पडू नये. सुनेबरोबर तिची चुलत सासू थांबली. ऑपरेशनला नेईपर्यंत तिचा हात धरून होती. सून आता म्हणते, डॉक्टरांनी काय सांगितलं ते आठवत नाही, पण तो हात आठवतो.

सगळं गोडच झालं असं नाही. सुनेची सासू रागावली. "आमच्या घरचं माणूस दवाखान्यात होतं, अन् गटातल्या बाया पाहायलेही नाही आल्या," असं ती देवळात म्हणाली. आम्ही तिच्या घरी गेलो. किती दिवस डबा गेला, रात्री कोण कोण थांबलं, पाकिटात किती होते, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग चहा टाकला. अजूनही तिला पूर्ण पटलेलं नाही. वर्षानुवर्षांची रीत एका ठरावानं बदलत नाही. कोणाच्या घरी गाडी भरून पाहुणे अजूनही निघतात. पण आता निघण्याआधी एखादी तरी विचारते, "तिथं आपलं काम काय आहे?"

बायांनो, दवाखान्यात जाऊच नका, असं आम्ही म्हणत नाही. कोरोनाच्या वर्षी आपण पाहिलं, माणसं एकटी पडली, घरच्यांचा आवाज फक्त फोनवर ऐकत राहिली. त्यामुळे आपलं माणूस जवळ असणं किती मोलाचं आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नक्की जा. पण जाण्याआधी तीन प्रश्न विचारा. आज गेलेलं बरं, की घरी आल्यावर? मी हातात काय घेऊन जाते, ते तिला चालतं का? आणि तिच्या घरी आज चूल कोण पेटवणार आहे?

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्याकडे काय होतं, ते एकमेकींना सांगा. चूक झाली असेल तर तीही सांगा, आम्ही सांगितलीच ना! तुमचा ठराव आमच्यापेक्षा चांगला झाला तर आम्हाला नक्की कळवा, आम्ही आमच्या वहीत लिहून घेऊ.

सगळ्यांना राम राम.