अडीचशे घोडे आणि राखेचा रस्ता
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



खापरखेड्याला शाळकरी मुलांपुढे 'बल आणि गती' या विषयावर बोलायला गेलो होतो. बोलणं संपलं. कुणाला काही विचारायचं आहे का, म्हटलं, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, सॅन स्टॉर्म आणि डीसी अवंती एका रेषेत उभ्या केल्या, तर कोण किती फरकानं जिंकेल?" त्याच्या शेजारचा लगेच म्हणाला, "त्यात काय विचारतो बे, अवंती!"

उत्तर बरोबर होतं, पण 'किती फरकानं' हा भाग तसाच राहिला. आज त्याबद्दलच बोलतो.

या दोन्ही गाड्या आपल्याकडच्या. स्टॉर्म गोव्यात तयार होत असे, ती 1998 मध्ये बाजारात आली. दोन माणसांची, फायबरच्या अंगाची, टप उघडणारी छोटीशी गाडी. अवंती ही मुंबईच्या दिलीप छाब्रियांची. दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात 2012 मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. गंमत म्हणजे दोघींच्या पोटात इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचंच. फक्त स्टॉर्मचं 1149 सीसीचं, 60 अश्वशक्तीचं. अवंतीचं दोन लिटरचं, टर्बो लावलेलं, 250 अश्वशक्तीचं. म्हणजे चारपटीहून जास्त. मग अवंती चारपट लवकर शंभराचा वेग गाठेल का?

नाही. खापरखेड्याच्या मुलांना हे समजवायला दूर जावं लागत नाही. कोळशाची भरलेली मालगाडी त्यांनी पाहिलेली असते. तिला ओढणारं विजेचं इंजिन पाच-सहा हजार अश्वशक्तीचं, म्हणजे अवंतीच्या वीसपट. पण मागे वाघिणी आणि कोळसा मिळून पाच हजार टनांच्या घरातलं ओझं. एका टनाच्या वाट्याला जेमतेम एक घोडा येतो. म्हणून ती सुटताना शेजारून सायकलवालाही पुढे निघून जातो. आपल्याकडे शंकरपट पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिथेही सगळा खेळ सेकंदांचा, आणि जोडी कितीही तेज असली तरी मागे हलकी छकडीच जुंपतात, माल वाहायची बैलगाडी नाही.

तेव्हा आधी वजन पाहू. अवंती दीड टनाच्या वर. चालक धरून 1650 किलो समजू. स्टॉर्म फारच हलकी. चालकासह 850 किलो धरू. टनामागे अवंतीला सुमारे 150 घोडे मिळतात, स्टॉर्मला 70. चारपटीचा फरक इथेच दुपटीवर आला.

आता सेकंद. अवंतीला शंभराच्या वेगापर्यंत न्यायला साधारण 637 किलोज्यूल ऊर्जा लागते. तिचं इंजिन जास्तीत जास्त 184 किलोवॉटचं, म्हणजे सेकंदाला 184 किलोज्यूल देणारं. (वीज केंद्राच्या गावात किलोवॉट समजवावा लागत नाही. तिथल्या 210 मेगावॉटच्या एका संचात अवंतीची 1140 इंजिनं बसतील, असं सांगितलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली.) भागाकार केला की साडेतीन सेकंद येतात. पण कंपनी सांगत होती सहाच्या आसपास. मग उरलेले अडीच गेले कुठे? इंजिन पूर्ण जोर देतं ते एका ठरावीक फेऱ्यांवरच. गिअर बदलताना जोर तुटतो, टर्बोला दम भरायला क्षणभर लागतो, थोडं वारा खातो. स्टॉर्मचा भागाकार साडेसात सेकंदांचा येतो; त्याच मापानं तिला प्रत्यक्षात तेरा-चौदा धरावे लागतील. हा माझा अंदाज आहे, घड्याळ लावून मोजलेलं नाही.

म्हणजे कोरड्या, स्वच्छ डांबरावर अवंती शंभराला पोचेल तेव्हा स्टॉर्म साठ-पासष्टच्या वेगानं पंचवीस-तीस मीटर मागे असेल. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पण तो प्रश्न विचारणारा मुलगा काही बसला नाही. म्हणाला, "आमच्या रोडवर, सर?"

हा प्रश्न मला जास्त आवडला. ज्या रस्त्यावर राखेचे ट्रक आणि कोळशाचे टिप्पर धावतात, तिथे डांबरावर बारीक भुकटीचा थर बसतो. इंजिन कितीही मोठं असो, गाडी पुढे जाते ती टायरनं रस्ता धरला तर. चांगल्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या आठ-दशांश धरतात; भुकटीवर ती निम्मी होते असं मानू. अवंतीचं इंजिन मधोमध, जोर मागच्या चाकांवर. सुटताना भारही मागे सरकतो, त्यामुळे तिची पकड चांगली. तरी या रस्त्यावर हिशेब केला तर शंभर गाठायला अकरा-बारा सेकंद लागतात. त्याहून जास्त जोर दिला तर चाकं जागीच गरगरतील आणि मागे धुरळा उडेल. स्टॉर्मचा जोर पुढच्या चाकांवर, म्हणून सुटताना तीही थोडी घसरेल. पण नंतर तिच्याकडे वाया घालवायला जोर आहेच कुठे? ती पूर्वीसारखीच चौदा-पंधरात पोचेल. सात-आठ सेकंदांचा फरक तीन-चारवर आला.

फळ्यावर हे आकडे आल्यावर अवंतीची बाजू घेणारा मुलगा जरा हिरमुसला. मी दुसरा आकडा लिहिला, थांबायचा. शंभराच्या वेगात ब्रेक दाबला तर स्वच्छ डांबरावर गाडी पन्नासेक मीटरांत थांबते. भुकटीवर शंभरेक मीटर लागतात. या गणितात अश्वशक्ती येतच नाही, आणि वजनही कटून जातं. दोन्ही गाड्यांना अंतर तेच. मात्र अवंतीच्या ब्रेकना जवळजवळ दुप्पट उष्णता पचवावी लागते. आणि हे अंतर ब्रेक दाबल्यापासूनचं. समोरचं टिप्पर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात आणखी अठ्ठावीस मीटर निघून गेलेले असतात.

"शंभर मीटर म्हणजे कुठपर्यंत?" एकीनं विचारलं. आम्ही सगळे बाहेर आलो. फाटकापासून पावलं मोजत निघालो. मोठ्या माणसाची सव्वाशे-दीडशे पावलं होतात. मुलांची जास्त झाली. मोजता मोजता आम्ही चहाच्या टपरीच्याही पुढे गेलो. एवढ्यात मागून एक भरलेला ट्रक आला, तेव्हा सगळ्यांना बाजूला घेऊन मी मोजणी तिथेच थांबवली.