दुकानावरचे अक्षर

गिरगावच्या गल्लीतून चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये आलेल्या मनुष्यास प्रथम जाणवते ती शांतता. कानांची नव्हे, डोळ्यांची. करड्या काँक्रीटच्या चार मजली इमारती, एका मापाचे खांब, खोल व्हरांडे आणि मधे वाहनांना मज्जाव असलेला विस्तीर्ण चौक. ल कार्बुझिए १९५१ साली या नगराच्या कामास लागला. पुढच्याच वर्षी राजधानीच्या विकासाचा कायदा झाला आणि १९५४ मध्ये जाहिरातींवर नियंत्रण घालणारा हुकूम निघाला. दुकानाच्या पाटीने इमारतीवर कुरघोडी करू नये, हा त्यामागील विचार.

गंमत अशी, की ल कार्बुझिएला स्वतःला ठळक, ओबडधोबड अक्षराचे वावडे नव्हते. आपल्या आराखड्यांवर तो पत्र्याच्या कापीव साच्यांतून अक्षरे उमटवी. बांधणीसाठी मधेमधे तुटलेली ती अक्षरे पेटाऱ्यांवरच्या खुणांसारखी दिसतात. ज्याने काँक्रीटवरील फळ्यांचे वळ गिलाव्याखाली झाकू दिले नाहीत, त्यास असेच अक्षर रुचावे यात नवल नाही. मग दुकानदारानेच तेवढे सोज्ज्वळ का लिहावे?

याचे उत्तर मराठी रंगभूमीच्या जाहिरातींत शोधावे. २०२० साली निवर्तलेले अक्षरकार कमल शेडगे यांनी अनेक दशके नाटकांची नावे अशी रेखाटली, की वृत्तपत्राच्या दाटीतही नाटकाची जात नावावरूनच ओळखू यावी. जाड, खरबरीत अक्षर तेथे शोभते, कारण त्याला दोन-चार शब्दच बोलायचे असतात. तेच अक्षर परिच्छेदभर वापरले, तर वाचकाचा जीव मेटाकुटीस येतो.

देवनागरीत तर हे काम अधिकच अवघड. रेघ जाड केली की ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांची पोटे बुजतात. वर वेलांटी, खाली उकार, यांना जागा द्यावी तर अक्षर खुजे होते. कसलेला रंगारी शिरोरेषा किंचित बारीक करतो, पोट मोकळे ठेवतो, आणि कोरड्या कुंचल्याचे ओरखडे फटकाऱ्याच्या शेवटी येऊ देतो. संगणकावरील टंकात हाच खरबरीतपणा फसवा ठरतो. एका शब्दात दोनदा आलेल्या ‘क’वर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, की हाताचे सोंग उघडे पडते. म्हणून जाणते टंककार एकाच अक्षराची दोन-तीन रूपे करून ती आलटून पालटून वापरतात. फ्लेक्सचे फलक छापणाऱ्यांना मात्र एवढी सवड क्वचितच असते.

सेक्टर १७ मधील नीलम चित्रपटगृह आदित्य प्रकाश यांच्या आरेखनाचे. चित्रपटगृहाच्या दर्शनी भिंतीवर अक्षराने मोठ्याने बोलावे. तो त्याचा धर्मच आहे. औषधांच्या दुकानावर, न्यायालयाच्या दारी वा शाळेच्या फाटकावर तेच अक्षर आले, तर आरडाओरड वाटेल. नियमाने पाटीची जागा आणि माप ठरवावे, हे रास्तच. पण पाटीवरचा आवाज कुणाचा असावा, हे त्या चौकटीत दुकानदाराने आणि रंगाऱ्याने ठरवायचे.