रेघेवरचा शब्द

संकल्पनाचित्र, ओघतक्ता, वेन आकृती हे प्रकार महाराष्ट्रातील शाळांना नवे नाहीत. दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत ‘आकृती पूर्ण करा’ हमखास असते. संकल्पनाचित्राची पद्धत जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात काढली, मुलांना विज्ञान कितपत उमगले ते कागदावर दिसावे म्हणून. तिच्यात चौकटींइतकाच मोलाचा असतो चौकटी जोडणाऱ्या रेघेवरचा शब्द. वर्गात नेमका तोच गळतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नद्यांचा पाठ घ्यावा. फळ्यावर ‘प्रवरा’ आणि ‘भंडारदरा’ या दोन चौकटी, मध्ये नुसती रेघ. प्रवरा भंडारदऱ्यालाच उगम पावते, असे मूल खुशाल धरून चालते. रेघेवर ‘येथे अडवली’ लिहिले, ‘रतनगड’ ही तिसरी चौकट काढून तिच्या रेघेवर ‘येथे उगम’ लिहिले, की घोटाळा मिटतो. मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला. सीना आणि घोड मात्र भीमेकडे जातात; त्यांची फांदी गोदावरीच्या झाडाला कुठेच जोडता येत नाही. ‘का नाही?’ हा प्रश्न मग मुलाकडूनच येतो. गोदावरी आणि भीमेची खोरी वेगळी करणारी हरिश्चंद्र-बालाघाटची डोंगररांग शिकवायची ती त्या क्षणी. आधी शिकवली तर ती पाठांतरात जाते.

शिकवणे हे पाटाचे पाणी. चौकटी म्हणजे वाफे, रेघेवरचा शब्द म्हणजे वाफ्याचे दार. वाफे कितीही रेखीव आखले, तरी दारे धरणारा नसेल तर एका वाफ्यात पाणी तुंबते आणि बाकीचे कोरडे राहतात. पहिले दोन वाफे शिक्षकाने भिजवून दाखवावेत. पुढे खोरे, नदीचे नव्हे, हातातले, मुलाकडे द्यावे. फळ्यावरचे चित्र चार रंगांत उतरवून घेणे म्हणजे शेजाऱ्याचे भिजलेले रान बघून घरी येणे. गाईडातील तयार आकृत्यांची गत तीच. वही तपासताना चौकटींचे सुबकपण पाहून बरोबरची खूण केली जाते, रेघा मुक्याच राहतात. खाडाखोड चालेल, मुकी रेघ चालू नये.

वेन आकृतीसाठी राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही याच जिल्ह्यातील गावांची जोडी हाताशी आहे. पाणलोटाची कामे सामाईक भागात येतात. वेगळे काय, हा विषय एका स्वतंत्र तासाचा. या आकृतीत रेघ नसते, पण शब्दाची सुटका नाही: सामाईक भागात घातलेली गोष्ट तिथे का, हे मुलाने तोंडी सांगावे.